पासवर्ड कोणाच्या वहीत?



नाशिकमध्ये कुठल्याही कॉलेजच्या गेटासमोर झेरॉक्सचं दुकान असतंच. एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर पाटी : शिष्यवृत्तीचा फॉर्म, परीक्षेचा फॉर्म, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड. आणि गल्ल्याशेजारी एक लांबडी वही. त्या वहीत काय असतं ते मी दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं. पानामागून पान पोरापोरींची नावं. नावापुढे मोबाइल नंबर. त्यापुढे युजरनेम. त्यापुढे पासवर्ड. पासवर्ड जवळपास सगळ्यांचा एकच, दुकानदाराच्या लक्षात राहावा म्हणून.

मी आडनावं वाचत गेलो. च्यायला, ही तर आपल्या वस्तीची हजेरी!

मी तिथं गेलो होतो आमच्या गल्लीतल्या एका पोरीसाठी. बी.कॉम.चं पहिलं वर्ष. शिष्यवृत्तीचा फॉर्म तिनं त्याच दुकानात भरला. भरला म्हणजे काय, ती बाकड्यावर बसली, दुकानातल्या पोरानं बोटं चालवली, तिनं शंभराची नोट दिली आणि प्रिंट घेऊन घरी आली. ईमेल दुकानाचा. पासवर्ड दुकानाचा. मोबाइल नंबर भावाचा, आणि भावानं दिवाळीत सिम बदललं. उत्पन्नाचा दाखला स्कॅन करताना पुसट आला होता म्हणून अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. परत आल्याचा निरोप पोर्टलवर पडून राहिला. उघडणारं कुणी नाही. मुदत गेली. परीक्षेच्या तोंडावर कॉलेजनं सांगितलं, पूर्ण फी भर. आईनं बचत गटातून कर्ज काढलं. पोरगी परीक्षेला बसली, पास झाली, आणि दुसऱ्या वर्षाला तिनं नाव घातलं नाही. पुढच्या द्राक्षांच्या सीझनला ती पॅकिंगला पेट्या भरत होती.

दुकानाचं नाव लिहीत नाही. कॉलेजचंही नाही. तो दुकानदार पोरगा काही राक्षस नाही, त्याच्या परीनं तो कामच करतो. कॉलेजचा कारकून म्हणाला, "आम्ही नोटीस लावली होती." लावली असेल. पण माणूस मारायला दरवेळी काठी लागत नाही. एक न उघडलेला निरोप पुरतो.

हा अग्रलेख त्या निरोपाबद्दल आहे.

कॉलेज आज पोराकडून काय काय धरून चालतं त्याची नुसती यादी करा. प्रवेश ऑनलाइन. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. जात पडताळणीचा अर्ज ऑनलाइन. नव्या शिक्षण धोरणात क्रेडिट जमा होतात ती 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये, तिथं स्वतःचं खातं पाहिजे. प्रोजेक्ट टाइप करून पाहिजे, पीडीएफ करून पाहिजे, ईमेलला जोडून पाहिजे. फोटो अमुक केबीच्या आत पाहिजे, सही तमुक केबीच्या आत. सेमिनारला स्लाइड पाहिजेत. कॉमर्सवाल्याला एक्सेल आलंच पाहिजे. हे सगळं 'येतंच' असं समजून मास्तर पुढे जातो. वर्गात हात वर करून "सर, अटॅचमेंट म्हणजे काय?" विचारायची कुणाची छाती होत नाही. कारण मागच्या बाकावरून हसू येणार, आणि ते हसू कुणाला पाहून येतं ते आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

काही शहाणे म्हणतात, हल्लीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा कशाला, सगळ्यांच्या हातात फोन आहे. हे अर्धवट शहाणपण आहे. फोनवर अंगठा फिरवणं वेगळं आणि फाइल कुठं ठेवली ते सांगता येणं वेगळं. आपली पोरं रील एडिट करतात, गाण्यावर नाव नाचवतात, पण तेच पोरगं कॉम्प्युटरसमोर बसवलं की दोन हात मांडीवर ठेवून बसतं, जणू समोर कलेक्टर बसलाय. फोन बनवलाय तो बघायला आणि विकत घ्यायला. अर्ज, हिशोब, प्रबंध, तक्रार हे आजही टेबलावर बसूनच नीट लिहिलं जातं. आणि टेबल हीच आपल्या घरात नसलेली गोष्ट आहे.

आकडा सांगतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत देशातल्या शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, ग्रामीण घरांत ४.४ टक्के. पाच वर्षांवरच्या माणसांपैकी कॉम्प्युटर चालवता येणारे १६.५ टक्के. दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, टाळेबंदी आली आणि सगळी शाळा-कॉलेजं या तुटपुंज्या पायावर ऑनलाइन उभी केली गेली. कुणाचं वर्ष सुटलं आणि कुणाचं बुडालं हे सांगायला वेगळी पाहणी कशाला? आपापल्या गल्लीत मोजा.

ज्याच्या बापाच्या घरात टेबल होतं त्याला हे सारं कुणी शिकवलं नाही. त्यानं पाहिलं. बाप ऑफिसचं काम घरी आणायचा, पोरगं मांडीवर बसून की-बोर्ड बडवायचं. पुढे त्यालाच 'मेरिट' म्हणतात. आपल्या बापानं घरी काय आणलं? हातावरचे घट्टे. वारसा दोघांनाही मिळाला, नाव मात्र एकाच्याच वारशाला गुणवत्ता असं पडलं. म्हणून हा प्रश्न नुसता कौशल्याचा नाही, हा जातीचा प्रश्न आहे. की-बोर्डला जात नसते हे खरं. पण की-बोर्डपर्यंत जाणाऱ्या रस्त्याला आहे.

आता सर्टिफिकेटचं बोलू. राज्य सरकारच्या उच्च व तंत्रशिक्षण खात्यानं २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन उभी केली आणि एमएस-सीआयटी सुरू झालं. ते आलं ते बरं झालं, उगाच शिव्या घालणार नाही. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या माडीवर कॉम्प्युटरचे वर्ग निघाले, मराठीत शिकायची सोय झाली, घरकाम करणाऱ्या बायांनीही माउस हातात धरला. पण सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते मागायला लागले आणि शिकणं मागं पडून कागद पुढे आला. आज त्याची फी चार-पाच हजारांच्या घरात. बिगारी काम करणाऱ्या माणसाची आठवड्याची मजुरी त्यात जाते. आणि मी असे किती दाखवू ज्यांच्या फाइलीत एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलंय, पण ते स्कॅन करून अर्जाला जोडायला पुन्हा त्याच दुकानात जातात! कारण शिकलेलं ठेवायला घरी मशीन नाही. सायकल शिकवली आणि सायकल काढून घेतली, अशातली गत.

२०२३ ची तलाठी भरती आठवा. परीक्षा कॉम्प्युटरवर. राखीव उमेदवारालाही अर्जाची फी ९०० रुपये. आपल्यातलं एखादं पोरगं दोन वर्षं अभ्यासिकेत घासून तिथं गेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन तास सलग स्क्रीनसमोर बसलं. त्याच्या डोक्यात इतिहास होता, पंचायत राज होतं, अंकगणित होतं. पण बोटात भीती होती. त्या भीतीचे मार्क कुठं कापले जातात ते कुठल्याच गुणपत्रिकेत छापून येत नाही.

आता थोडं माझ्या कामातलं सांगतो, कारण ते इथं लागू पडतं. मी गोदीत कंटेनर भरणं-रिकामं करणं करतो. मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. प्रत्येक कंटेनरवर नंबर असतो : चार इंग्रजी अक्षरं, सहा आकडे, आणि शेवटी चौकटीत एकच आकडा. बरेच दिवस मला तो चौकटीतला आकडा म्हणजे नुसती शोभा वाटायची. मग कळलं, तो आकडा आधीच्या दहांवरून हिशोब करून काढतात. टाइप करताना एखादं अक्षर चुकलं की हिशोब जुळत नाही आणि कॉम्प्युटर तिथंच ओरडतो. डब्याची चूक होऊ नये म्हणून जगभर केवढी ही काळजी! तुमच्या आधार नंबरचा बारावा आकडाही तसाच, आधीच्या अकरांवरून काढलेला.

पण माणसाच्या नावाला असा चौकटीतला आकडा नाही. कांबळे इंग्रजीत लिहिताना मधे एक 'ए' घालायचा की नाही, वाघमारे 'डब्ल्यू'नं की 'व्ही'नं, हे ठरवलं कुणी? आधारच्या कॅम्पात बसलेल्या कुणीतरी. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. आणि २०२१ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा विद्यार्थ्याच्या आधारजोडणी केलेल्या खात्यात थेट यायचा, असा नियम आहे. नाव जुळलं नाही, जोडणी अडकली, की पैसाही अडकला. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली ही शिष्यवृत्ती. ती आज एका 'ए'वरून अडते.

तुमच्या आज्या-बापांच्या जन्मतारखा विचारा. निम्म्यांची एक जून. का? शाळेत नाव घालताना मास्तरानं लिहिली म्हणून. आई म्हणाली असेल, "आखाजीच्या आसपास झाला, बाबा." मास्तरानं मान वर न करता एक जून टाकली. ज्याच्या हातात लेखणी त्यानं आपला जन्म ठरवला. आता लेखणीच्या जागी की-बोर्ड आलाय आणि हात पुन्हा दुसऱ्याचाच आहे. मग बदललं काय, दोस्तांनो?

याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या माणसानं तो वर्षानुवर्षं रेटला. आपल्या आज्यांनी डोक्यावर दगड झेलले, दार उघडलं नाही. मग मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की आता मंदिरप्रवेशात ताकद घालवू नका, ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवा. पुढच्या वर्षी १३ ऑक्टोबरला याच जिल्ह्यात येवल्याची घोषणा झाली. कुठलं दार ठोठवायचं आणि कुठल्या दाराकडे पाठ फिरवायची, हे ज्या गावानं जगाला दाखवलं त्या गावची आपण पोरं. आणि आपण झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रांगेत उभे आहोत, आपलंच नाव दुसऱ्याकडून लिहून घ्यायला.

आपल्यातले काही कॉम्रेड म्हणतील, "कॉम्प्युटर हे भांडवलदाराचं हत्यार आहे, त्यानं माणसं बेकार केली." खरंय. मी गोदीतला माणूस, हे मला पुस्तकातून शिकायला नको. कंटेनर आला, १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं, आणि जिथं पोती उचलायला गँगच्या गँग लागायच्या तिथं क्रेन उभी राहिली. जुने लोक अजून सांगतात. पण त्यांच्या हकिकतीत आणखी एक गोष्ट असते. कंटेनर येणार, किती माणसं कमी होणार, नुकसानभरपाई किती बसणार, हे सगळं कागदावर आधी आलं होतं आणि तो कागद वाचून हिशोब उलटा मांडणारे आपल्यात थोडे होते. हत्याराला शिव्या देणं सोपं आहे. ते मालकाच्याच हातात राहू देणं त्याहून सोपं आहे.

दुसरे म्हणतील, "सरकारनं कागदी फॉर्म चालू ठेवावा, मग ही कटकटच नको." तीही मागणी करू, जोरात करू. ज्याला जमत नाही त्याला कागदाची वाट बंद करणं हा अन्यायच आहे. पण आपण कागदावरच थांबलो तर उद्याच्या सगळ्या खुर्च्या पडद्यापलीकडे आणि आपण सगळे पडद्याअलीकडे. दोन्ही लढाया एकदम लढाव्या लागतील.

म्हणून आधी मागण्या. कॉलेजांना आमचं स्पष्ट सांगणं आहे :

पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात सगळ्यांना हे मूलभूत शिकवा, फुकट, मराठीत, कुणालाही 'कमकुवत' असा शिक्का न मारता. जे शिकवलं नाही त्यावर मार्क कापू नका. कॉम्प्युटर लॅब पाहुणे आले की उघडायचं देवघर नाही, ती कॉलेज सुटल्यावरही संध्याकाळी उघडी ठेवा, कारण आपली अर्धी पोरं सकाळी कामावर असतात. शिष्यवृत्तीच्या दिवसांत कॉलेजातच मदतीचं टेबल लावा आणि तिथं फॉर्म विद्यार्थ्याच्या हातानं भरून घ्या, शेजारी बसून. अर्ज परत आला तर नोटीस बोर्डावर डकवून मोकळे होऊ नका, वर्गात नाव घेऊन सांगा. आणि शिष्यवृत्ती अडली म्हणून परीक्षा अडवू नका.

आता स्वतःकडे. आपल्या बुद्धविहारात मूर्ती आहे, फोटो आहेत, पंखा आहे, जयंतीचा साउंड आहे. कॉम्प्युटर किती विहारांत आहे? चौदा एप्रिलला एका रात्रीत डीजेवर जेवढं जातं तेवढ्यात दोन-तीन जुन्या दुरुस्त केलेल्या मशीन येतात. हे बोललं की लोकांना राग येतो. येऊ द्या. बाबासाहेबांच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या पोराचा पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत असेल तर त्या नाचण्याचा मला आनंद होत नाही.

काय शिकायचं? पाच रविवार पुरतात. सुरुवातीला तरी पुरतात.

पहिला रविवार : स्वतःचा ईमेल, स्वतःचा पासवर्ड. जन्मतारीख नको, नावापुढे एक-दोन-तीन नको. तीन-चार असंबद्ध शब्दांचं लांब वाक्य करा, ते लक्षातही राहतं. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, दुकानदाराला नाही, साहेबाला नाही, प्रेमात पडलात तर तिथंही नाही.

दुसरा रविवार : मराठी टायपिंग. इनस्क्रिप्टची मांडणी कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये फुकट असते. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, स्वर-काना-मात्रा डाव्या हाताला. 'क'च्याच बटनावर शिफ्ट दाबलं की 'ख', 'त'वर 'थ', 'ब'वर 'भ'. युनिकोडमध्ये लिहाल तर ते सगळीकडे वाचता येतं. जुन्या फॉन्टात लिहिलेलं दुसऱ्या मशीनवर गेलं की किडामुंगी होतं. आमच्याकडे पहिला शब्द 'भीम' टाइप करायला देतात. तीन बटनं आणि एक शिफ्ट, झालं.

तिसरा रविवार : फाइल. नाव देणं, फोल्डरात ठेवणं, स्कॅन करणं, पीडीएफ करणं, फोटोचे केबी कमी करणं. दाखले एकदाच नीट स्कॅन करून पेनड्राइव्हमध्ये आणि ईमेलमध्ये, दोन्हीकडे ठेवा. पावसात पत्र्यातून गळालेल्या पाण्यानं दाखले भिजलेले मी पाहिलेत.

चौथा रविवार : तक्ता. उदाहरण म्हणून जयंतीच्या वर्गणीचाच हिशोब घ्या. कुणी किती दिले, कुठं किती गेले, खाली बेरीज आपोआप. असा हिशोब विहाराच्या दारावर लागायला लागला की आपल्यातले काही पुढारी कॉम्प्युटरच्या विरोधात जातील, हे आत्ताच सांगून ठेवतो. लिब्रेऑफिस फुकट मिळतं, चोरीचं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही.

पाचवा रविवार : फसवणूक आणि तक्रार. नोकरीच्या नावानं पैसे मागणारी लिंक ओळखा. पैसे गेलेच तर तासाच्या आत फोन लावा. सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे १९३०. नाशिककराला हा आकडा पाठ करायला नको, तो आपल्या रक्तातच आहे. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा एक अर्ज स्वतः टाइप करा. २००५ चा कायदा आहे, वापरा. आपल्या कॉलेजातले किती शिष्यवृत्ती अर्ज परत गेले आणि का, एवढं जरी विचारलं तरी खुर्च्या हलतील.

ज्याला लाज वाटते त्यानं आपल्याच जिल्ह्यातल्या वामनदादा कर्डकांकडे बघावं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकला, आणि मग त्यानं जी गाणी लिहिली ती महाराष्ट्रभर वस्त्यावस्त्यांत गेली. उशिरा शिकण्याची लाज नसते. आणि त्यालाही कुणीतरी शेजारी बसून अक्षरं गिरवून घेतलीच होती. ते शेजारी बसणं, एवढंच आपल्याला करायचं आहे. ज्याला एक गोष्ट येते त्यानं ती दुसऱ्याला दाखवायची. मात्र माउस हातातून काढून घ्यायचा नाही. तो वेळ लावेल, चुकेल, तुम्हाला कंटाळा येईल. तरी माउस काढून घ्यायचा नाही.

त्या पोरीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. तिच्याबरोबर मी पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदारानं वही पुढे केली, तिचं पान काढून दिलं, भांडण झालं नाही. तिनं स्वतःचा ईमेल काढला, पासवर्ड बदलला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. पाऊण तास गेला. गेलेली शिष्यवृत्ती आली नाही, बुडालेलं वर्षही आलं नाही. पण यंदा तिनं मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरलाय, स्वतःच्या हातानं. फी भरल्याची पावती तिनं मला फोनवर पाठवली. मी ती उघडून बघितली. नावातला 'ए' जिथं असायला पाहिजे तिथंच होता.

त्या वहीत अजून खूप पानं आहेत. तुमचं पान असेल तर या आठवड्यात जाऊन घेऊन या. मग रविवारी विहारात या, सकाळी दहाला. एक मशीन आहे, दुसरी बघतोय.

जयभीम!